सरकारी भूजल अहवालात आमच्या जिल्ह्यात नायट्रेट जास्त आलंय, विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

उकळून अजिबात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तिथंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकूनही जात नाही, त्यानं फक्त जंतू मरतात. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा बोललोय की आता पोरं पण माझी नक्कल करतात.

मी वर्ध्याकडचा. आमची घरामागची विहीर सरकारी निरीक्षण विहीर आहे, कठड्यावर नंबर टाकलेला, भूजल सर्वेक्षणवाले वर्षातून चारदा येऊन टेप सोडून पातळी मोजून नेतात. लहानपणी मला याचा लई अभिमान. गावात एवढ्या विहिरी पण सरकारात नोंद आमचीच! पाणी पण गोड, पाव्हणे तारीफ करायचे.

मग दादाला पोरगी झाली, वहिनीला दूध कमी, दोन महिन्यांच्या पोरीला पावडरचं दूध याच पाण्यात कालवून. मी तेव्हा नुकताच केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो होतो, डोक्यात किडा वळवळला, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरली आणि त्याच दिवशी तालुक्याच्या लॅबला दिली. नायट्रेट आलं १०८. मर्यादा ४५ मिलीग्रॅम लिटरला. सहा महिन्यांच्या आतल्या बाटलीवरच्या बाळाला हे खरंच धोक्याचं, रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, बाळ निळं पडतं. कागद दादासमोर ठेवला तर म्हणतो, "आबाजी ह्याच पाण्यावर ८८ वर्ष जगले." अरे पण आबाजी बाटलीतनं पावडरचं दूध पीत होते का? भांडण झालं, आईनं मधे पडून दुसरीकडून पाणी आणायला लावलं. पोरगी ठणठणीत आहे, आता कॉलेजला जाते, आणि दादा आजही तिच्याकडं बोट दाखवून मला खोटं पाडतो.

खरं दुखणं वेगळंच, हे नायट्रेट विहिरीत येतं कुठनं. उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर, तोही वरच्या अंगाला, आणि गोठ्याचं मूत नालीतनं तिकडंच. आपल्याकडं खाली काळा पाषाण, भेगाभेगांतनं पाणी पळतं, मातीतनं गाळून जायला वेळच मिळत नाही. दादा म्हणतो शेजाऱ्याच्या युरियानं झालं. युरियाचा वाटा असेलच, नाही कोण म्हणतंय, पण शेजाऱ्याचं वावर आपल्या हातात नाही, उकिरडा आहे ना!

तुमच्या अहवालाचं म्हणाल तर तो खोटा नाही. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल देशभरातल्या १५ हजारांवर ठिकाणच्या नमुन्यांवर आहे, जवळपास २० टक्के ठिकाणी नायट्रेट मर्यादेच्या वर, महाराष्ट्रात साधारण ३६ टक्के, आणि जास्त नायट्रेटवाल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. पण नमुने मोजक्याच विहिरींचे असतात. तुमची विहीर त्यात नसेल तर तुमच्या पाण्याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. स्वतःचा नमुना द्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आरओनं नायट्रेट कमी होतं, साध्या कँडलच्या फिल्टरनं नाही.

हां, एक राहिलं. हे वाचून कोणी लगेच बोअर मारायला जाऊ नका. खोल गेलं की नायट्रेट बहुतेक कमी लागतं पण फ्लोराइड वाढू शकतं, यवतमाळ-चंद्रपूरकडं ते भोगणारी गावं आहेत, आणि ते खडकातनंच येतं, तिथं उकिरडा हलवून उपयोग नाही. आणि मी डॉक्टर नाही, बाळ लहान असेल तर डॉक्टरला विचारा.

आमचा उकिरडा? जिथल्या तिथं. दादा आता वीस लिटरचा कॅन मागवतो, गुडघे दुखतात म्हणून, नायट्रेटसाठी नाही म्हणे. गेल्या मे मध्ये टेपवाले आले तर त्यांना कौतुकानं विहीर दाखवली, पाणी किती गोड ते सांगितलं, आणि चहा पाजला तो कॅनच्या पाण्याचा.