नोंदवहीतला कोरा रकाना

प्रश्न : आमच्या कंपनीत सुमारे दीडशे कर्मचारी आहेत. प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षक आणि नोंदवही असूनही मागच्या महिन्यात एक अनोळखी गृहस्थ थेट भांडारापर्यंत पोहोचले. ते कोणाकडे आले होते, हे कोणालाच सांगता आले नाही. व्यवस्थापन आता आणखी कॅमेरे बसवणार आहे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : भागणार नाही. काय घडले ते कॅमेरा दाखवतो, पण तो कोणाला दारात अडवत नाही. कॅमेऱ्यांचा खर्च करण्याआधी आपली नोंदवही उघडून ‘जाण्याची वेळ’ हा रकाना किती ओळींत कोरा आहे, ते पाहावे. आग लागून इमारत तातडीने रिकामी करावी लागली, तर आत कोण राहिले आहे हे ठरवताना याच नोंदीचा आधार घ्यावा लागतो आणि ती अपुरी असेल, तर बाहेर पडून घरी गेलेल्या माणसासाठी अग्निशमन दलाचे जवान विनाकारण धुरात शिरतील. म्हणून बाहेर पडताना पास परत घेतल्याशिवाय नोंद पूर्ण मानू नये आणि संध्याकाळी न परतलेल्या पासांचा शोध त्याच दिवशी घ्यावा. उघड्या वहीत आधीच्या पाहुण्यांचे फोन नंबर पुढच्याला वाचता येतात, हाही दोष आहे. प्रत्येकासाठी सुटी चिठ्ठी ठेवली तरी तो दूर होतो.

माझ्या मते खरी उणीव जबाबदारीची आहे. पाहुणा ज्या कर्मचाऱ्याकडे आला, त्याने स्वतः दारापर्यंत येऊन त्याला आत न्यावे आणि काम झाल्यावर परत आणून सोडावे. दुरुस्तीसाठी आलेले कंत्राटी कामगार आणि सामान पोहोचवणारेही याला अपवाद नसावेत, कारण हातात खोके असलेल्या माणसासाठी आपण सौजन्याने दार धरून ठेवतो आणि त्याचा पास पाहायचे राहून जाते. अशा वेळी ‘आपण कोणाकडे आला आहात?’ असे नम्रपणे विचारण्याची मुभा प्रत्येक कर्मचाऱ्याला व्यवस्थापनाने लेखी द्यावी. वरिष्ठांना हटकणाऱ्या रक्षकाला बोलणी खावी लागली, तर तो पुन्हा कोणालाच हटकणार नाही.

दारे कार्डाने उघडत असतील, तर ती कार्डे कोणत्या प्रकारची आहेत हे पुरवठादाराला विचारावे. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी साधी कार्डे दर वेळी तोच क्रमांक पाठवतात, त्यामुळे त्यांची नक्कल सहज होते. भांडाराच्या दारावर तशी कार्डे चालत असतील, तर कॅमेऱ्यांआधी तीच बदलावीत.