"परसाकडे", "शेतखाना", "टमरेल" हे शब्द आले कुठून?

तुम्ही विचारलंय की संडासला मराठीत एवढे आडून बोलायचे शब्द का आणि ते आले कुठून. हे सगळे शब्द मी आजीच्या तोंडून ऐकलेत त्यामुळे माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा.

आजीसमोर "संडासला चाललो" म्हटलेलं चालायचं नाही, "परसाकडे" म्हणायचं. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, परसदार, परसबाग यातलं तेच परस, घरात संडास नसायचा तेव्हा मागच्या दारानेच जायचे लोक, मग कुठल्या बाजूला चाललो एवढं सांगितलं की झालं. बहिर्दिशेला जाणे पण तसंच, दिशा सांगायची आणि काम गाळायचं. पुढे आजी आमच्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला आली, तिथे कुठलं परस, तरी पलंगावरून उठताना भिंतीला हात लावत "परसाकडे जाऊन येते गं" असंच म्हणायची.

शेतखाना मात्र फसवा शब्द आहे. बऱ्याच जणांना वाटतं शेतात जायचे म्हणून शेतखाना, पण तो मूळचा सेहतखाना, अरबी सेहत म्हणजे तब्येत आणि पुढे फारसी खाना, आपल्या तोंडात बसता बसता त्याचं शेत झालं. पायखाना पण फारसीच. आणि टमरेल, म्हणजे संडासला पाणी न्यायचं भांडं, ते तर इंग्रजी टंबलर! मूळ पाणी प्यायचा पेला, आता त्यातून कोणी घोटभर पाणी तरी पिईल का?

माझ्या मते असं होतं की नवा शब्द काही वर्षं सभ्य वाटतो, मग त्यालाही वास लागतो आणि लोक पुढचा शोधतात. टॉयलेट सुद्धा फ्रेंचमध्ये आधी छोटं कापड होतं, नंतर नटण्याच्या टेबलावर अंथरायचं कापड, मग नटणं, मग नटायची खोली, आणि शेवटी हे. आता टॉयलेट पण नको वाटतं म्हणून पोरं वॉशरूम म्हणतात.

उलटं झालं ते फक्त हागणदारीचं. चारचौघांत कोणी उच्चारत नव्हतं, पण २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि पुढे गावोगावी वेशीवर "हागणदारीमुक्त गाव" अशा पाट्या लागल्या. आमच्या गावची पाटी आजीने मनातल्या मनात वाचली, तोंडाने तो शब्द काही काढला नाही, "बरं झालं, बायकांचं अंधाराची वाट बघणं सुटलं" एवढंच म्हणाली.