दिवसभर बसून काम, जिमला वेळ नाही. तब्येतीसाठी रोज निदान काय करावं?

जेवण झाल्यावर शतपावली. नावात शंभर पावलं असली तरी दहा-पंधरा मिनिटं चाला, आणि तेही जेवल्यावर लगेच, तासाभराने नको. जेवणातली साखर रक्तात उतरत असते तेव्हा चालणारे स्नायू ती वापरून टाकतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर फार चढत नाही. दोन्ही वेळच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर आठवड्याला 210 मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते; फक्त रमतगमत नको, थोडा दम लागेल इतकं भरभर चाला. (इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.)

ताटात भात निम्मा करून मटकी-मुगाची उसळ आणि कोशिंबीर वाढवा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं, आणि आपल्याकडे गणित बिघडतं ते इथेच. वरून मीठ घेणं आजच बंद करा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते.