रडू येतं म्हणजे विश्वास कमी पडला का?

"प्रार्थना करते, पण शांती मिळत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का हो बाई?" माझ्याकडे समुपदेशनाला ख्रिस्ती कुटुंबांतून येणारी माणसं हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. त्यातली एक हकिगत सांगते. नाव आणि खुणा बदलल्या आहेत.

सुशीलाबाई भायखळ्याच्या एका जुन्या चाळीत राहतात. वय 58, वीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवलेलं. आठ महिन्यांपूर्वी यजमान सकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरले, ते जिन्यातच बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सांत्वनाला चर्चच्या मंडळीतली माणसं आली, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आले, महिनाभर घर भरलेलं होतं. मग जो तो आपापल्या लोकलला लागला.

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. मी ख्रिस्ती नाही, पण बाई श्रद्धाळू आहेत एवढं पाहून म्हणाले, "देवावर सोपवा, मन हलकं होईल." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या दोन भेटींना आल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही पण आमच्या वन्संसारखंच बोललात." वन्सं त्यांना रोज फोनवर एकच वचन ऐकवायच्या, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं : "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." वन्संच्या मनात काळजीच होती. पण बाईंना ते वचन परीक्षेच्या पेपरासारखं वाटायचं आणि रोज त्या नापास व्हायच्या.

त्या दिवशी मी देवाचा विषय बाजूला ठेवला. झोप विचारली, जेवण विचारलं. पहाटे तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. रात्रीचं जेवण म्हणजे चहा आणि खारी. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या सहा दिवसांत बंद केलेल्या, कारण कुणीतरी म्हणालं होतं, गोळी घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. बोलता बोलता त्या म्हणून गेल्या, "जगण्यात राम नाही उरला." (ख्रिस्ती बाईच्या तोंडीही राम. मराठी ती मराठीच.) असं वाक्य मी कधीच सोडून देत नाही. सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "काही करणार नाही. पण सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं, असं वाटतं." त्यांच्या परवानगीने तिथूनच लेकीला फोन लावला, डॉक्टरांची वेळ घेतली आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर पाकिटावर लिहून दिला. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, सहा दिवसांत काहीच कळत नाही, हेही सांगितलं.

मग विचारलं, "तुमच्या बायबलात असं थकलेलं कुणी आहे का?" मला खरंच माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, "एलीया." मग शब्बाथशाळेच्या आवाजात गोष्ट सांगू लागल्या. एवढा मोठा संदेष्टा, पण जिवावर उठलेल्या ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे, माझा जीव घे. आणि झोपला. देवदूताने हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. खाऊन तो परत झोपला, तर देवदूताने दुसऱ्यांदा उठवून खायला लावलं. इथे त्या अडखळल्या. "मुलांना कितीदा शिकवलंय हे. देवदूत त्याला रागावला नाही हो. आधी जेवायला घातलं."

त्या आठवड्यापासून रात्री भाकरी सुरू झाली, निदान अर्धी. गोळ्याही डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केल्या.

पुढचं काम पाळकसाहेबांनी केलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत, हे त्यांनी दाखवलं. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. आणि ज्या पत्रातलं वचन वन्सं ऐकवायच्या, ते प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिलेलं. त्याच पत्रात तो लिहितो, माझा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला, ही देवाने माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. हे वाचून बाई पहिल्यांदा हसल्या. "वन्संना दाखवते."

पुनरुत्थानाची आशा त्यांनी कधी सोडली नव्हती. फक्त ती आशा आहे म्हणून आज रडायचं नाही, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. आता त्या रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचतात, भांडणाचं असलं तर भांडणाच्याच सुरात. पहाटेची जाग अजून आहे, पण आठवड्यातून एखाद-दोनदा.

मागच्या भेटीत विचारलं, उपासनेला जाता का? म्हणाल्या, "जाते. ह्यांचं आवडतं गीत लागलं की पुस्तक मिटून बसते. पण आता उठून बाहेर जात नाही."