सांतोरोचे पाय

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शिबिरातून आल्यापासून तू टेनिसच्या रॅकेटला हात लावलेला नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिथल्या सरांनी म्हणे सांगितलं, की फोरहँडवरचा, म्हणजे उजवीकडच्या फटक्यावरचा, डावा हात सोड आणि एका हातानं खेळ, नाहीतर पुढं काही खरं नाही. त्यावर तू आईला विचारलंस, "मग काकांनी मला आजवर का बदलायला लावलं नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून बसून लिहितोय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

फाब्रिस सांतोरोचं नाव तू ऐकलं नसशील. फ्रान्सचा खेळाडू, जन्म ताहिती बेटावरचा, 1972 सालचा. उंची जेमतेम 1.78 मीटर. सर्व्हिसमध्ये धाक नाही. फोरहँडही दोन हातांनी, डावीकडचा बॅकहँडही दोन हातांनी. त्यातही नवल म्हणजे फोरहँडला तो दोन्ही हातांनी चक्क स्लाइस मारायचा, म्हणजे चेंडू खालून कापून त्याला उलटी फिरकी द्यायचा. पुस्तकात असा फटका सापडणार नाही. त्याला 'जादूगार' म्हणत आणि लोक हसून टाळ्या वाजवत. मला त्या टाळ्यांचा राग यायचा. जत्रेतला खेळ बघावा तसं लोक त्याला बघत, आणि त्यामागं किती कष्ट आहेत ते कुणी मोजतच नसे. 1998 साली माँटे कार्लोला त्यानं त्या काळच्या बलाढ्य पीट सँप्रसला 6-1, 6-1 असं हरवलं. पण आज नावं घ्यायला बसलं की त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते 2001 च्या फ्रेंच स्पर्धेत, मरात साफिनविरुद्ध. आपल्या क्लबातल्या जुन्या टीव्हीवर. साफिन म्हणजे 1.93 मीटरचा धिप्पाड गडी, आदल्याच वर्षी अमेरिकन स्पर्धा जिंकलेला. जोरात आलेला चेंडू दुप्पट जोरानं परत पाठवायचा, हा त्याचा खेळ. सांतोरो त्याला जोर देतच नव्हता. चेंडू मागं फिरत यायचा, टप्पा पडला की उसळायच्या ऐवजी खालीच राहायचा. एवढा उंच माणूस दर फटक्याला गुडघ्यात वाकतोय, नडगीजवळून चेंडू उचलतोय, आणि जोर सगळा स्वतःच्या खांद्यातून काढतोय. मग पुढचा चेंडू एकदम आखूड. धावत जाऊन तो उचलला, की डोक्यावरून लॉब. सांतोरोची रॅकेट मागं जायची ती प्रत्येक फटक्याला सारखीच. आखूड ड्रॉप येणार, उंच लॉब येणार की सरळ फटका, ते चेंडू रॅकेटला लागेपर्यंत कळायचं नाही. दोन हातांचा हाच फायदा. शेवटच्या क्षणी मनगटं वळवायला दुसऱ्या हाताचा आधार असतो. कारकीर्दभरात दोघे नऊ वेळा भिडले, सात वेळा सांतोरो जिंकला.

तो सामना अर्धा बघून मी उठलो आणि कोर्टाच्या कडेला बाकावर जाऊन बसलो. का, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या काही वर्षं आधी माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा खेळायला यायचा. त्याच्या हातात असाच उलट फिरणारा, खाली राहणारा फोरहँड होता. कुणी शिकवलेला नव्हता, त्याचा त्यालाच सापडलेला. मी तेव्हा नुकताच प्रशिक्षकांचा कोर्स करून आलो होतो. वही भरून आणली होती. त्या वहीप्रमाणं मी त्याची रॅकेट धरायची ग्रिप बदलली, चेंडू पुढं फिरवत उसळवणारा टॉपस्पिन घोटून घेतला. पोरगं गुणी, सांगितलं तसं सगळं केलं. वर्षभरात त्याचा फटका इतर दहा जणांसारखा झाला, आणि त्या दहा जणांत तो सातवा-आठवा. पुढं त्यानं येणं कमी केलं, मग बंदच केलं. मी त्याला वाईट शिकवलं असं कुणी म्हणणार नाही. पण सकाळी कोर्टावर पाणी मारून होण्याआधी येऊन उभा राहणारा मुलगा उगीच खेळ सोडत नाही. त्याचा आनंद ज्या फटक्यात होता तोच मी काढून घेतला, हे मला साफिन वाकताना बघून कळलं.

म्हणून तू सात वर्षांची असताना बाबांची जड रॅकेट दोन हातांनी धरून आलीस, तेव्हा मी तुझ्या हाताला हात लावला नाही.

पण चूक माझ्याकडून तरीही झालीच, आणि तुझ्या सरांचं ऐकून ती मला दिसली. फटका तुझा तुझ्यापाशी राहू दिला, पण त्याची किंमत काय असते ते तुला सांगितलं नाही. सरांवर रुसू नकोस. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. फोरहँडला बाहेर जाणारा चेंडू तुला पोचत नाही. दुसरा हात रॅकेटवर असला की आवाका हातभर कमी होतो, त्याला इलाज नाही. एका हातानं खेळणारी मुलगी जिथं नुसतं लांबून भागवते, तिथं तुला एक-दोन पावलं जास्त टाकावी लागतात. दर चेंडूला. तीन सेटचा सामना धर आणि ती पावलं मोज.

सांतोरोचे हात सगळ्यांनी पाहिले. मी नंतर नंतर त्याचे पाय पाहायला लागलो. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणी त्याची छोटी उडी झालेली असायची आणि तो निघालेला असायचा. लांब ढांगा कमी, छोटी पावलं जास्त. फटक्याला पोचताना कधी वाकडातिकडा दिसायचा नाही, कारण तो आधीच तिथं असायचा. 2004 साली फ्रेंच स्पर्धेत पहिल्याच फेरीत तो आणि आर्नो क्लेमाँ 6 तास 33 मिनिटं खेळले. अंधार पडला म्हणून सामना दुसऱ्या दिवसावर गेला, आणि शेवटचा सेट सांतोरोनं 16-14 असा घेतला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. तिथं नुसत्या जादूवर भागलं असतं का, सांग!

त्याला पटकन काही मिळालं नाही, हेही तुला सांगायला हवं. 1989 साली, सोळाव्या वर्षी, त्यानं फ्रेंच स्पर्धेचं ज्युनिअर विजेतेपद जिंकलं. लोकांना वाटलं, आता हा वर जाणार. एकेरीतली त्याची सर्वांत वरची जागा सतरावी, तीही 2001 मध्ये. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांत, एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत तो पहिल्यांदा पोचला 2006 साली, ऑस्ट्रेलियात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. दुहेरीत मिकाएल लोद्राबरोबर तिथंच 2003 आणि 2004 ची विजेतेपदं मिळाली होती. 2010 मध्ये थांबला तोवर एकेरीच्या 70 ग्रँड स्लॅम खेळून झाल्या होत्या, तेव्हाचा पुरुषांमधला विक्रम. एकेरीच्या सहा स्पर्धा जिंकल्या, त्यातली शेवटची 2008 ची, अमेरिकेत न्यूपोर्टच्या गवतावर. अंतिम सामन्यात समोर आपला प्रकाश अमृतराज होता, आपले जुने टेनिसपटू विजय अमृतराज यांचा मुलगा. पेपरात निकाल वाचला तेव्हा प्रकाशसाठी फार वाईट वाटलं. आणि पस्तिशीतल्या सांतोरोचं नाव वाचून डोळेही भरून आले. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे तेव्हा कळलं.

मुलींमध्ये हवं असेल तर मोनिका सेलेस आहे, दोन्हीकडे दोन हात आणि नऊ ग्रँड स्लॅम. मारियोन बार्तोलीनं 2013 चं विम्बल्डन दोन्हीकडे दोन हातांनीच जिंकलं, एकही सेट न गमावता. पण त्या दोघी चेंडू चढता असताना ठोकणाऱ्या. तुझा हात तसा नाही. तुझा हात सांतोरोच्या घराण्यातला आहे, म्हणून मी त्याच्याबद्दल एवढं लिहिलं.

तर माझं म्हणणं असं. पुढच्या दिवाळीपर्यंत डावा हात सोडायचा नाही. तोवर मिळून पायांवर काम करू, आणि तुझी सर्व्हिसही जरा सुधारू, कारण तिथं उगीच गुण देतेस. अगदीच लांब गेलेल्या चेंडूसाठी एका हाताचा फोरहँड स्लाइसही शीक. तो अडीअडचणीला, रोजच्यासाठी नव्हे. दिवाळीनंतर सरांना इथं बोलावू. ते फोरहँडला बाहेर चेंडू देतील, मी कडेला बसेन. वर्षभर मनापासून करूनही तू तिथं पोचत नसलीस, तर हात कसा सोडायचा ते मीच शिकवीन. त्यात तुझा पराभव मानणार नाही, तूही मानू नकोस.

सोमवारी पावणेसहाला ये. तोवर कोर्ट सांभाळणाऱ्या मार्करनं पाणी मारून रोलर फिरवलेला असेल. बूट चांगले घाल, दोरी आण. पहिला आठवडा रॅकेट घरीच ठेव. मी टोपलीतून चेंडू टाकेन, तू धावत जाऊन तो कमरेसमोर दोन्ही हातांनी झेलायचा. एका हातानं झेललास तर मोजणार नाही.

तुझा,
काका