गाण्यांची वही ठेवणाऱ्या मुलीच्या आईस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बारावी कला शाखेत शिकणारी आपली मुलगी गाण्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहते, वहीत काहीबाही लिहीत बसते आणि ‘मला हेच शिकायचे आहे’ म्हणते. यावर पोट भरेल का, असे आपण विचारले आहे. सोबत पाठवलेले तिच्या वहीचे पान मी दोनदा वाचले आणि उत्तर त्या पानावरूनच द्यावेसे वाटले.

ते पान सोलापुरातच चित्रित झालेल्या एका गाण्याविषयी आहे. गायक यंत्रमागांच्या मधून चालत येतो आणि मागांच्या खटखटीवर दृश्ये बदलतात, हे तिने टिपले आहेच. पण पुढे ती लिहिते की विड्या वळणाऱ्या बायका दोन वेळा मिळून सहा सेकंद दिसतात, मांडीवरचे सूप दिसते, पान कापणारी कात्री दिसते, चेहरा मात्र एकीचाही दिसत नाही. आजीने आयुष्यभर विड्या वळल्या त्या घरातल्या मुलीला हे खटकले यात नवल नाही. परंतु खटकलेली गोष्ट सेकंदांत मोजून मांडणे ही अभ्यासकाची शिस्त आहे, आणि कोणाला कसे दाखवले, कोणाला वगळले, हा माध्यम-अभ्यासातला मोठा विषय आहे.

संकलनाबाबत, म्हणजे दृश्ये कापून जोडण्याबाबत, मात्र तिची नोंद कच्ची आहे. ‘कट पटापट आहेत’ एवढ्याने भागत नाही. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) चित्रणात १२ चौकटींचा असतो. संकलक नेमक्या ठोक्यावर कापतो, दोन चौकटी आधी कापतो, की एखादा ठोका मुद्दाम सोडून चेहऱ्यावर थांबतो, हे तिने मोजावे. तेच गाणे एकदा आवाज बंद करूनही पाहावे. गोष्ट दृश्यांतून उभी राहते की केवळ शब्दांच्या आधाराने, हे तेव्हाच कळते.

शिक्षणाचे म्हणाल, तर पदवी सोडू नये. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील चित्रपट संकलनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश परीक्षा असते आणि त्यासाठी आधी पदवी लागते. विश्लेषणाकडेच ओढ राहिली, तर आपल्या सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाचा (मास कम्युनिकेशनचा) विभाग आहे. त्या विषयात पदव्युत्तर पदवी आणि प्राध्यापकांसाठीची ‘नेट’ ही पात्रता परीक्षा झाल्यास महाविद्यालयात शिकवता येते. संकलनात सुरुवातीची काही वर्षे सहायक म्हणून काम मिळेल तसे करावे लागते आणि ठरलेला पगार बहुधा नसतो, हे तिला आताच स्पष्ट सांगावे. मी हे तिला घाबरवण्यासाठी म्हणत नाही.

महागडा संगणक तूर्त घेऊ नका. परीक्षा संपल्यावर तिने आजीला विड्या वळताना मोबाइलवर चित्रित करावे आणि त्याच चित्रणाचे प्रत्येकी दोन मिनिटांचे दोन वेगळे तुकडे तयार करावेत: एक केवळ हातांचा, दुसरा आजीच्या चेहऱ्यासह. ते दोन्ही आणि वहीची पुढची पाने घेऊन आपण दोघी मे महिन्यात मला भेटायला या. आजींना येता आले, तर त्यांनाही आणा. दोन्हींपैकी कोणते त्यांना आपले वाटते, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे.