बोया १८ नॉट दाखवतो आणि जवळचा तेलफलाट २५. खरा वारा कोणता?

एकाच वेळी, वीस किलोमीटरच्या आतल्या दोन केंद्रांत (एक समुद्रात नांगरलेला, उपकरणं बसवलेला तरंगता बोया आणि दुसरा तेल काढायचा फलाट) ७ नॉटचा फरक (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), तेव्हा बिघडलंय कोण, असं तुम्ही विचारलंय. बहुधा कोणीच बिघडलेलं नाही. समुद्रातल्या कामांसाठी या नोंदी मी बरीच वर्षं तपासतोय. नवीन केंद्र असेल तर वाऱ्याचा आकडा मी नंतर बघतो. आधी वायुवेगमापक पाण्यापासून किती उंच बसवलाय ते शोधतो.

पाण्याला घासून वारा मंदावतो आणि वर जावं तसा वाढत जातो. बोयावरचं उपकरण जेमतेम ४-५ मीटरवर असतं, फलाटावरचं कधी ८०, कधी १०० मीटरवर. तुलनेसाठी जगभर १० मीटर ही उंची धरतात. तिथे आणायची ढोबळ रीत अशी: १० ला उपकरणाच्या उंचीने भागा, आलेल्या संख्येचा ०.११ वा घात काढा आणि त्याने नोंदीला गुणा. समजा तुमचा बोया ४ मीटरवर मोजतोय. गुणक साधारण १.१ येतो आणि १८ चे २० नॉट होतात. फलाट ८० मीटरवर मोजत असेल तर गुणक ०.८, म्हणजे २५ चेही २० च! खऱ्या उंच्या तेवढ्या केंद्राच्या माहितीतून घ्या. जमिनीसाठी वापरतात तो एक सप्तमांश घात मात्र इथे लावू नका, समुद्र जमिनीपेक्षा फार गुळगुळीत असतो.

हे गणित हवा आणि पाणी यांचं तापमान जवळपास सारखं असेल तेव्हाच नीट जमतं. थंड पाण्यावर ऊबदार हवा आली की थर एकमेकांत मिसळत नाहीत. वर जोराचा वारा आणि खाली जवळजवळ शांत, असंही होतं. मग दोन केंद्रांतला फरक सूत्रापेक्षा खूप मोठा दिसतो. उलट, गरम पाण्यावर थंड हवा असेल तर सगळं घुसळून निघतं, फरक कमी होतो आणि झोत, म्हणजे वाऱ्याचे क्षणिक जोराचे झटके, वाढतात. बोया बहुतेक वेळा दोन्ही तापमानं देतो. वाऱ्याच्या शेजारचे ते दोन रकाने लोक सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सरासरी किती वेळाची ते. जागतिक हवामान संघटनेचा प्रघात १० मिनिटांच्या सरासरीचा आहे, अमेरिकी बोये ८ मिनिटांची सरासरी देतात, तिथली किनाऱ्यावरची केंद्रं २ मिनिटांची. झोत म्हणजे त्यातल्या काही सेकंदांचा कमाल वेग. मोकळ्या समुद्रावर झोत सरासरीच्या सव्वापटीच्या आसपास असेल तर ठीक. तो अचानक दीडपटीच्या वर गेला की मी आधी पावसाच्या ढगाचा संशय घेतो, मग उपकरणाचा. झोताकडे बघायचं कारण म्हणजे वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चा २५ झाला तर दाब दीडपटीहून जास्त होतो.

फलाटाची आणखी एक खोड असते. एकदा एका केंद्राचा वारा अधूनमधून कारण नसताना पडायचा. नोंदी वेळेऐवजी दिशेप्रमाणे मांडल्या तेव्हा दिसलं, की वारा ठरावीक बाजूने आला की उपकरण मनोऱ्याच्या आडोशाला जायचं. त्या बाजूच्या नोंदी वगळून टाकल्या. बोयाचा आडोसा वेगळा: मोठ्या वादळात तो दोन लाटांमधल्या खोलात जातो आणि वारा कमी दाखवतो. तेव्हा त्याचा आकडा मी कमीत कमी म्हणून धरतो.

एकक मीटर प्रतिसेकंद की नॉट हेही बघा (१ मीटर प्रतिसेकंद म्हणजे १.९४ नॉट). दिशा वारा येतो तिकडची असते, २७० म्हणजे पश्चिमेकडून. ९९ किंवा ९९९ हा वारा नसून नोंद नसल्याची खूण असते.

लहान होडी घेऊन जाणार असाल तर १० मीटरवरचे २० नॉट धरा आणि झोताचा रकाना सोडू नका. फलाटावर क्रेनने ८० मीटर उंचीवर वजन उचलायचं असेल, तर तिथला वारा २५ च आहे. तो खाली आणू नका.